दोराच्या तिप्पट

झ्लातिनाबाई घाबरलेल्या आम्ही कुणी कधी पाहिल्या नव्हत्या. घाबरायचं ते आम्ही. गावच्या हायस्कुलात भौतिकशास्त्र कायम त्यांच्याकडंच होतं. खडू हातात धरून त्या फळ्याकडून मागं वळल्या की शेवटच्या बाकापर्यंत सगळे पाय आवरून बसायचे. मीही तसा बसलोय. शिशाच्या खाणीत काम केलेले दांडगे बाप्येसुद्धा रस्त्यात बाई दिसल्या की सिगरेट पाठीमागं धरत. त्यामुळं त्या जुलैत जे झालं ते कामेननं सांगितलं तेव्हा मला आधी पटेचना. पुढं बाईंनी स्वतःच सगळं सांगितलं, तेव्हा पटलं.

कामेन हा त्यांचा धाकटा भाऊ. दोघांत सोळा वर्षांचं अंतर. आई लवकर गेली, बाप आधी खाणीत आणि मग दारूत गेला, तेव्हा कामेनचं खाणंपिणं, शाळा, ताप, खोकला सगळं बाईंनीच निभावलं. लग्न केलं नाही. कुणी विषय काढलाच तर म्हणायच्या, "एक पोर आहे की घरात." हे पोर मोठं होऊन स्पेनला बांधकामावर गेलं आणि त्या वसंतात परत आलं. आता इथंच राहायचं, म्हणाला. पण इथं राहून करायचं काय, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

ते डोकं चालवलं ओग्न्यानानं. हा कामेनचा शाळेतला दोस्त, बाईंचाच विद्यार्थी आणि भौतिकशास्त्रात दोनदा गटांगळी खाल्लेला. एकशेवीस किलोचा देह. खाण बंद पडल्यापासून ओझी चढवा-उतरवायच्या विंचा आणि ट्रॅक्टर दुरुस्त करून पोट भरायचा. गावाबाहेर दरीवर रेल्वेचा जुना दगडी पूल आहे. गाडी कधीच बंद झाली, रूळही उचलून नेले, पूल तेवढा उभा आहे. चाळीस मीटर उंच. खाली नदी, पण उन्हाळ्यात तिच्यात पाण्यापेक्षा धोंडेच जास्त दिसतात. ओग्न्यानाचं म्हणणं असं की पायाला रबरी दोर बांधून लोक पुलावरून उड्या मारतात, त्यासाठी कुठून कुठून येतात, आणि आपल्याकडं पूल नुसता पडून आहे. प्लोव्हदिव्ह शहरातला असला एक क्लब बंद पडला होता, तिथून त्यानं मनगटाएवढा जाड रबरी दोर आणला. दोर चांगला होता, जुना पण धड. इलिनदेनच्या सणाला जत्रा भरते, सगळा मुलूख गावात लोटतो. त्या दिवशी पहिली उडी कामेननं मारायची असं ठरलं.

बाईंना ही कल्पना ऐकल्यापासूनच पसंत नव्हती. पण चौतिशीतल्या भावाला नको म्हणून थांबवता येत नाही, हे त्यांना कळत होतं. त्यांना भीती होती ती दोर तुटण्याची. म्हणून एका संध्याकाळी जेवताना कामेननं सांगितलं की आज चाचणी घेतली आणि दोर काही तुटला नाही, तेव्हा त्यांचा जीव जरा भांड्यात पडला. चाचणी कशी घेतली तेही त्यानं खुलवून सांगितलं. स्वतःच्या वजनाइतकं वाळूचं पोतं भरलं, दोराला बांधलं आणि पोतं फाटू नये म्हणून ओग्न्यानाच्या विंचेवरून हळूहळू खाली सोडलं. दोर पंधरा मीटरचा होता. पोतं लटकून स्थिर झालं तेव्हा तो आणखी दहा मीटर ताणला गेला.

"म्हणजे पंचवीस," कामेन पावानं ताट पुसत म्हणाला. "चाळिसातले पंचवीस गेले, पंधरा मीटर हवा उरते, ताई. मधे पाच मजली घर बसेल."

बाई दिवसभर पेपर तपासून दमल्या होत्या. त्यांनी मान हलवली आणि भांडी घासायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत नापास मुलांचा उन्हाळी वर्ग होता. सात-आठ जणं. मिरेला नावाची एक मुलगी फळ्यापाशी उभी होती आणि गणित नेहमीचंच होतं. स्प्रिंगला वजन अडकवलं आणि हात सोडला, तर ते किती खाली जाईल? मिरेलानं केलं ते दरवर्षी निम्मा वर्ग करतो. स्प्रिंगचा ओढा आणि वजन जिथं सारखं होतं ते अंतर काढलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. बाई म्हणाल्या, चूक. हे झालं हळूच टेकवलेल्या वजनाचं उत्तर. सोडून दिलेलं वजन तिथं थांबत नाही.

मिरेला हटून बसली. म्हणाली, दोन्ही बाजूंची ओढ सारखी झाली ना बाई, मग पुढं ते जाईलच कशाला?

"कारण तिथं पोचताना ते सगळ्यात वेगात असतं," बाई म्हणाल्या. "ओढ सारखी झाली म्हणजे वेग वाढायचा थांबला. वेग संपला नाही. पडताना उंचीनं जेवढी ऊर्जा दिली तेवढी सगळी स्प्रिंगमध्ये भरेपर्यंत ते खालीच जाणार."

हे वाक्य त्या इतकी वर्षं म्हणत आल्या होत्या. या वेळी ते तोंडातून निघालं आणि त्यांच्या डोळ्यांसमोर वाळूचं पोतं आलं, विंचेवरून हळूहळू उतरणारं.

वर्गाला वाटलं बाई नवीन उदाहरण घालताहेत. त्यांनी फळ्याचा कोपरा पुसला आणि लिहायला लागल्या. दोर पंधरा. टेकवलेल्या वजनाला ताण दहा. उडी मारल्यावर खरा ताण क्ष. माणूस एकूण पंधरा अधिक क्ष एवढा खाली येणार. तेवढ्या उंचीची ऊर्जा एका बाजूला, ताणलेल्या दोरात साठलेली दुसऱ्या बाजूला. वजन दोन्हीकडून उडून गेलं. क्ष वर्ग, वजा वीस क्ष, वजा तीनशे, बरोबर शून्य. क्ष आला तीस. तीस आणि पंधरा पंचेचाळीस.

पूल चाळीस मीटरचा होता.

बाईंनी ते पुसलं आणि पुन्हा मांडलं. उत्तर चुकलेलं निघावं असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटत होतं. वर्गमूळ पुन्हा काढलं. तीसच आले. मग त्यांनी स्वतःशी वाद घातला. रबर काही आदर्श स्प्रिंग नव्हे, ताणताना तापतं, थोडी ऊर्जा तिथं जाते, थोडी हवेत जाते. घ्या, दहावा हिस्सा गेला असं धरा. तरी पुरेना. शिवाय दोर पायाला बांधायचा, म्हणजे डोकं त्याहून दीड-दोन मीटर खाली. सगळीकडून बघितलं तरी शेवटी नदीतले धोंडेच येत होते.

खडू त्यांच्या बोटांत मोडला. मिरेलानं विचारलं, बाई, बरं नाही का वाटत? बाईंनी पर्स उचलली आणि तशाच बाहेर पडल्या. त्यांनी वर्ग असा अर्धवट सोडलेला कुणाला आठवत नाही.

कामेनचा फोन लागेना. ओग्न्यानाचाही लागेना. दरीत रेंज नसते, म्हणजे दोघं पुलावरच होते. मग त्यांना आठवलं की काल जेवताना कामेन आणखी काहीतरी म्हणाला होता. जत्रेच्या गर्दीपुढं पहिल्यांदा उडी मारायला आपल्याला लाज वाटते, त्याआधी एक गुपचूप मारून बघायचीय, उद्या सकाळी दरीच्या तळाशी ऊन पोचलं की. त्यांनी वर पाहिलं. ऊन डोंगराच्या निम्म्यापर्यंत खाली आलं होतं.

पुलाकडचा रस्ता त्यांना तोंडपाठ होता, पण त्या दिवशी वळणं भलत्याच जागी येत होती. ओपेल गाडी त्या कशीबशी रस्त्यावर ठेवत होत्या. डोकं मात्र गणित सोडायला तयार नव्हतं. पंचवीस मीटरवर वेग किती? वीस मीटर सेकंदाला, म्हणजे ताशी सत्तराच्या वर. कामेन जिथं स्वतःला थांबलेला समजत होता, तिथं तो त्याच्या पडण्यातल्या सगळ्यात वेगाच्या क्षणी असणार होता. आणि खाली? तळाशी आदळताना अजून सेकंदाला तेरा मीटर उरत होते. बाईंनी ही असली गणितं हजारदा सोडवली होती. त्यांत पडणारी वस्तू नेहमी 'एक पिंड' असायची. पिंडाला नाक नसतं, जावळ नसतं, लहानपणी न्हाऊ घालताना तो रडत नाही. एका वळणावर समोरून लाकडांचा ट्रक आला, दोन बोटांवरून गेला, आणि त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही.

पूल दिसला तेव्हा मधल्या कमानीवर दोन माणसं उभी होती. दोन आहेत हे कळल्यावर बाईंनी गाडी रस्त्यातच सोडली.

कामेन कठड्याच्या पलीकडं, फळीवर उभा होता. घोट्यांना पट्टे आवळलेले. ओग्न्यान त्याचे बक्कल तपासत वाकला होता. बाई खडीवरून धावत येताना दिसल्या तसा कामेन कसनुसा हसला. त्याला वाटलं ताई रडून ओरडून अडवायला आलीय. ओग्न्यान सरळ झाला.

"आली शाळा," तो म्हणाला. "बाई, सुट्टीत तरी सोडा की हो आम्हाला."

बाईंना धाप लागली होती. बोलता येईना. त्यांनी आधी कामेनच्या दंडाला धरलं आणि बोटं सुटेनात. मग तुटक तुटक सांगितलं, पंधरा, दहा, तीस, पंचेचाळीस. कामेननं ऐकून घेतलं. मग त्यानं हळूच, समजावणीच्या सुरात सांगितलं की आम्ही प्रत्यक्ष पोतं टांगून बघितलंय, ताई, मोजपट्टी लावलीय. ओग्न्यान म्हणाला की फळ्यावरचं वेगळं आणि पुलावरचं वेगळं, पोतं काही खोटं बोलत नाही.

बाईंच्या ध्यानात आलं की आपण आणखी समजावत राहिलो तर हा हट्टाला पेटेल. ओग्न्यानासमोर तो मागं हटायचा नाही. लहानपणापासूनची खोड होती.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "मी काही बोलत नाही. पोतंच बोलू दे. कालचंच पोतं, कालचाच दोर. फक्त विंचेवरून सोडायचं नाही. कठड्यावरून ढकलायचं."

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. ओग्न्यान कुरकुरला की वाळू पुन्हा वर ओढत बसावी लागेल. पण कामेन कठडा ओलांडून अलीकडं आला. पट्टे सोडताना, त्यानं मला सांगितलं, त्याला आतून बरंच वाटलं होतं. ते कबूल मात्र केलं नाही.

पोतं कठड्यावर ठेवलं आणि ढकललं.

आधी काहीच झालं नाही, नुसतं पोतं पडत गेलं आणि दोराची वेटोळी त्यामागं उलगडत गेली. मग दोर ताठ झाला. कामेन म्हणतो की त्या क्षणी त्याला वाटलं, हे बघ, थांबतंय. ते थांबलं नाही. दोर बारीक होत गेला, आणखी बारीक, पोतं काल जिथं लटकलं होतं ती जागा मागं पडली आणि ते तसंच खाली गेलं. खालून आवाज आला तो पाण्याचा नव्हता. वाळूचा पिवळा धुरळा धोंड्यांवर उडाला. आणि ओझं सुटल्याबरोबर दोर फाटक्या पोत्याची चिंधी घेऊन वर उसळला, कठड्यावर सपकन आदळला, नि तिघंही खाली बसले.

ओग्न्यानानं डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती, का ते त्यालाही सांगता आलं नसतं. कामेन आपल्या घोट्यांकडं बघत होता. तिथं पट्ट्यांचे वळ उठले होते. मग तो चार पावलं गेला आणि कठड्याला धरून ओकला.

बाईंना वाटलं, संपलं. आता हा पुलाचं नावही काढणार नाही. खरंच दोन दिवस त्यानं काढलं नाही. घरात बसून असायचा, ताट समोर ठेवलं तर चिवडायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी बाई कॉफी करत होत्या, तेव्हा तो दोराचं भेंडोळं खांद्यावर घेऊन स्वयंपाकघरात आला आणि त्यानं ते टेबलावर टाकलं.

"किती कापू?" त्यानं विचारलं.

बाईंना प्रश्न कळला, पण त्यांनी न कळल्यासारखं केलं. कामेन खुर्ची ओढून बसला. गर्दीसाठी नाही, म्हणाला, आणि ओग्न्यानासाठी तर नाहीच. डोळे मिटले की ते पोतं दिसतं. ते असंच दिसत राहिलं तर मला या दरीवरून साधं चालतही जाता यायचं नाही. मला त्या पोत्यासारखं खाली जाऊन परत वर यायचंय.

बाईंनी त्याला नाही म्हणून सांगितलं. आकडा देणार नाही, म्हणाल्या. बरंच बोलल्या.

"तू नाही दिलास तर मी अंदाजानं कापीन," शेवटी तो म्हणाला. धमकी दिल्यासारखं नाही, नुसतं सांगितल्यासारखं. आणि तो तसं करणार हे बाईंना ठाऊक होतं.

त्यांनी मला सांगितलं की खरी भीती तिथून सुरू झाली. पहिल्या दिवशी गणित म्हणत होतं, हा मरेल. तेव्हा काय करायचं ते उघड होतं, धावायचं. आता गणित म्हणणार होतं, हा जगेल, आणि त्यांनी त्या शब्दावर त्याला कठड्याबाहेर जाऊ द्यायचं होतं. फळ्यावर उत्तर चुकलं तर पुसता येतं.

त्या मांडायला बसल्या. दोर कापला की आखूड होतो आणि त्याच मानानं कडकही होतो. कामेनच्या वजनानं तो कितीही लांबीचा घेतला तरी टांगल्यावर आपल्या लांबीच्या दोन तृतीयांश ताणणार. त्यावरून उडीतला ताण काढला तर प्रत्येक वेळी दोराच्या दुप्पट येत होता. म्हणजे दोर धरून एकूण तिप्पट. पंधराचा पंचेचाळीस, दहाचा तीस. इतकं सोपं उत्तर बघून त्यांना उलट धडकी भरली. कामेनला दहा मीटर हवा होता, पाण्याच्या जरा जवळ जाता येईल म्हणून. बाईंनी नऊवर बोट ठेवलं आणि ते उचललं नाही. सत्तावीस मीटर, वर त्याच्या शरीराची उंची, तरी खाली दहा-अकरा मीटर मोकळे. एका गोष्टीचा त्यांना आधार वाटत होता. रबराच्या उष्णतेत जाईल, वाऱ्यात जाईल, ती सगळी ऊर्जा खाली जाण्यातूनच वजा होणार होती. गळती होईल ती आपल्या बाजूनं. निसर्ग फुकट काही घालत नाही, एवढं तरी नक्की.

पण ज्याची त्यांना भीती वाटत होती ते या गणितात नव्हतंच. दोराच्या पोटात एखादी चीर असेल तर? कापलेल्या टोकाची नवी बांधणी ओग्न्यान करणार होता, ज्याला त्यांनी दोनदा नापास केलं होतं. बक्कल, पट्टे, फळीचे खिळे, यांतलं काहीच समीकरणात बसत नव्हतं. बाईंनी सगळा दोर उजेडात धरून इंच इंच बोटांनी चाचपला. टोकाची बांधणी ओग्न्यानाला दोनदा सोडायला लावली.

पुलावर गेल्यावर आधी नवं पोतं हळू सोडून टांगलं. सहा मीटर ताण, अगदी हिशेबाप्रमाणं. मग अंतर मोजायला पुलावरून दुसरी साधी दोरी खाली सोडली, तिला मीटरमीटरवर चिंध्या बांधलेल्या, आणि ओग्न्यान खाली नदीकाठी जाऊन बसला. पोतं ढकललं. ते खाली गेलं, मंदावलं, थांबलं आणि वर उसळलं. ओग्न्यान डोंगर चढून धापा टाकत आला आणि म्हणाला, सव्वीसच्या जरा अलीकडं, बाई. बाईंनी वर ओढलेल्या दोरावर हात ठेवला. तो कोमट लागत होता. हिशेबातला हरवलेला मीटर तिथं होता. मग खात्रीसाठी कामेनहून जड, शंभर किलोचं पोतं ढकललं. ते आणखी खाली गेलं, पण धोंड्यांपासून लांबच थांबलं.

आता तपासायचं काहीच उरलं नव्हतं. ओग्न्यान पुन्हा नदीकाठी उतरला. कामेन कठड्याबाहेर गेला. बाईंनी स्वतः पट्टे आवळले, मग सोडले, मग पुन्हा आवळले. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यांचाही तसाच असणार.

"ताई," तो म्हणाला, "आकडा तुझा आहे. डोळे मिटू नकोस."

त्यांनी मिटले नाहीत.

तो गेला. पाठ दिसली, मग तळवे दिसले, मग नुसता एक ठिपका. नऊ मीटरला दोर ताठ झाला, आणि बाईंना माहीत होतं की हे काहीच नाही. पंधरा मीटरला, जिथं पोतं शांत लटकलं होतं, तिथं डोळे म्हणाले, थांब. तो थांबणार नाही हे त्यांना ठाऊक होतं, इथंच तो सगळ्यात वेगात असतो हे त्यांनीच मिरेलाला शिकवलं होतं, आणि तरीही त्यांच्या तोंडून हुंदका फुटला. त्यानंतर चिंध्यांची दोरी त्यांना दिसेना. सगळं गणित डोक्यातून पुसलं गेलं. दोर बारीक होत होता एवढंच दिसत होतं, तसाच, पोत्याच्या वेळी झाला होता तसाच.

मग तो मंदावला. क्षणभर दरीत मधोमध टांगला गेला, खाली पाणी, धोंडे आणि त्यांच्यावर त्याची लहानशी सावली. आणि वर यायला लागला.

ओग्न्यान खालून काहीतरी ओरडला. बाईंना ऐकू आलं नाही. त्या खडीवर बसल्या होत्या.

घरी येताना गाडी कामेननं चालवली, कारण बाईंना किल्ली लावता येईना. वाटेत त्यानं विचारलं की तुला खात्री किती होती? बाई म्हणाल्या, गणिताची पुरी. बाकी कशाचीच नव्हती. त्यानंतर कामेननं प्रत्येक वळणावर गाडी हळू घेतली. घरी दह्यातलं काकडीचं थंड सार होतं. दोघांचे चमचे वाटीवर किणकिणत राहिले आणि निम्मं सार टेबलावर सांडलं.

इलिनदेनला कामेन लोकांसमोर एकदाच उडी मारणार होता. इतर कुणाला उडवायचं नाही, हे त्यानं ओग्न्यानाला सांगून टाकलं. दोर माझ्या वजनाला कापलाय, जड माणूस आणखी खाली जाईल. ओग्न्यानानं चार गावांत बोलावणी धाडली होती आणि स्वतःही उडी मारायची म्हणत होता. तो इतका चिडला की बटाटे काढायला आले तरी त्यानं दोघांशी अबोला धरला होता. शरदात वनखात्यानं पुलाच्या दोन्ही तोंडांना जाळी ठोकली आणि तो विषयच मिटला.

बाई जत्रेला गेल्या नाहीत. घरात खिडक्या लावून बसल्या. वारा दरीकडून होता. दुपारी कधीतरी लांबून माणसांचा एकदम मोठा आवाज आला आणि थांबला. तो आनंदाचा होता की दुसऱ्या कशाचा, ते तेवढ्या अंतरावरून ओळखू येत नव्हतं. बाई दाराशी आल्या, कडीवर हात ठेवला, पण दार उघडलं नाही. रस्त्यानं कुणी पळत येतंय का ते ऐकत राहिल्या. कुणी येईना. माणसं चांगल्या बातमीला पळत येत नाहीत, हेही त्यांच्या मनात येऊन गेलं, पण त्यावर विसंबायचा धीर होईना.

पुष्कळ वेळानं पायऱ्यांवर पावलं वाजली, जरा ओढत टाकलेली. दार बाहेरून ढकललं गेलं. कामेनच्या एका हातात बूट होते आणि दुसऱ्या हातात जत्रेला देवळात वाटतात त्या मटणाच्या साराचा डबा.

"ताई, बाजूला हो की," तो म्हणाला. "निवतंय हे."

बाई बाजूला झाल्या. कडीवरचा हात मात्र त्यांना दुसऱ्या हातानं सोडवावा लागला.